सॉरी कधी म्हणायचं

मॅडमनी लाल बादली वर उचलली. माझीच बादली. सकाळी मी तिनंच संडास धुतला होता.

"मावशी, व्हॉट इज धिस?"

"धिस इज अ बकेट."

टाळ्या. समोर मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पालकांचा दिवस होता तो. दोघातिघांनी मोबाइल काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

"बघा," मॅडम त्यांना म्हणाल्या, "आमच्या मावशीसुद्धा इंग्लिश बोलतात. मग तुमची मुलं का नाही बोलणार?"

हशा पिकला. वरातीत घोडी नाचवली की लोक खूश होतात, तसे सगळे खूश झाले. मीपण हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

उमेळ्याकडच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून ती शाळा केलेली. पूर्वी तिथं केळीची वाडी होती. बालवाडी म्हटलेलं मॅडमना चालायचं नाही, प्लेस्कूल म्हणायचं. मी मूळची अर्नाळ्याची, लग्न होऊन आचोळ्याला आलेली. लादी पुसायची, डबे भरवायचे, नाकं पुसायची, मुलांची शी-शू काढायची, ही माझी कामं. कामाची मला कधी लाज वाटली नाही.

लाज दुसऱ्यांनाच वाटायची. पहिल्याच दिवशी एका मुलीला ठसका लागला. मी पेला तोंडाला लावला आणि म्हटलं, "पानी पी, बाय." मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, मुलांशी मराठी बोलायचं नाही. त्यातून तुमचं ते पानीबिनी. मुलं हेच उचलतील ना!"

मॅडम स्वतः मराठी. फोनवर आईशी बोलताना त्यांचा आवाज किती मऊ व्हायचा, ते मी ऐकलंय. आणि त्याच पानीसाठी लहानपणी आमच्या शाळेतल्या बाईंनीही मला बाकावर उभं केलं होतं. सगळा वर्ग हसला होता. म्हणजे तेव्हा माझी मराठी मराठीच नव्हती आणि आता मराठीच चालत नव्हती. मी जाऊ कुठं?

मग मॅडम मला इंग्रजी शिकवायला लागल्या. सकाळी मुलं यायच्या आधी मी सतरंज्या घालायचे आणि त्या खुर्चीत बसून एकेक वाक्य सांगायच्या. अर्थासकट. वॉश युअर हँड्स म्हणजे हात धू. एक्स्क्यूज मी म्हणजे कुणाच्या मधून जायचं असलं की. थँक यू म्हणजे कुणी आपलं काही केलं की. सॉरी म्हणजे आपली चूक झाली की. सोपं, सुटसुटीत.

खरं सांगते, मला आवडायला लागलं. भाकरी थापताना मी घोकायचे. नवरा चिडवायचा, "मडम, आज चाय मिलंल काय?" मी त्याला "वेट, प्लीज" म्हणायचे आणि दोघं हसायचो. बाजारात एकदा एक्स्क्यूज मी म्हटलं तर एका सुटाबुटातल्या माणसानं वाट दिली. इंग्रजीवर माझा राग नव्हता. आजही नाही.

पण शाळेचा एक नियम होता. मूल मराठीत काही बोललं तर ओ द्यायची नाही. "इंग्लिश, प्लीज" म्हणायचं आणि थांबायचं. स्वरा नावाची एक मुलगी होती, अजून तीन वर्षांचीही नव्हती. आईबाप दोघं नोकरीवाले, घरात मराठीच. नियमापुढे त्या पोरीचं तोंडच बंद झालं होतं. मॅडमची पाठ वळली की मी तिच्या कानात आपले चार शब्द बोलायचे. म्हणून ती माझ्यामागं असायची.

त्या पालकांच्या दिवशी माझा बादलीचा खेळ संपला आणि मुलांची कविता सुरू झाली. स्वरा रांगेतून निघाली ती सरळ माझ्याकडे आली. तिनं माझा कुडता घट्ट धरला.

"मावशी, शू."

मॅडमनी ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी हलू दिलं नाही. "स्वरा, इन इंग्लिश! मे आय..."

पोरीनं आईकडे बघितलं. आई दुसऱ्या रांगेत होती, तिचे कान लाल झाले होते. "इंग्लिशमध्ये सांग ना बेटा," ती म्हणाली, "घरी येतं ना तुला?"

पोरीनं पाय एकमेकांत अडकवले. "मे... आय..." आणि एक मोबाइल अजून चालूच होता. एवढी शिकलीसवरलेली माणसं एका लेकराची शू अडवून बसली होती. कशासाठी, तर एका वाक्यासाठी. कुणीही उठलं नाही.

"चल, बाय माजी," मी मोठ्यानं म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं. तिला उचललं आणि बाथरूमकडे पळाले. अर्ध्या वाटेतच झालं. माझा कुडता भिजला. त्याची मला किळस आली नाही, लेकराच्या मुताची कधीच येत नाही. किळस मागं राहिलेल्या त्या खोलीची आली. तिथल्या रंगीत भिंतींची, टाळ्यांची, स्वतःच्या जिभेची लाज वाटणाऱ्या त्या आईबापांची.

तिला धुतलं, कोरडी चड्डी घातली, पानी पाजलं. बाहेर आले तर सगळे तसेच बसलेले.

"मावशी," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आपण नियम मोडला ना? से सॉरी टू द पेरेंट्स."

त्यांना माझा आणखी एक खेळ हवा होता.

शब्द माझ्या तोंडात तयारच होता. तिथं सगळ्यात जास्त मी तोच बोलले होते. दूध सांडलं, सॉरी. उशीर झाला, सॉरी. मॅडमचाच धक्का मला लागला, तरी सॉरी मीच.

"मॅडम," मी म्हटलं, "सॉरी म्हंजे आपली चूक झाली की बोलायचं. तुमीच शिकवलं."

"हो. मग?"

"माजी चूक नाय झाली."

आता टाळ्या नव्हत्या. स्वराच्या आईनं मुलीला माझ्याकडून ओढून घेतलं. तिनं माझ्या ओल्या कुडत्याकडे बघितलं, तोंडाकडे नाही. थँक यू तिला येत असणारच.

मॅडमनी आतल्या खोलीत नेऊन सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी बादली धुतली, उपडी घातली आणि निघाले.

शेजारणी म्हणाल्या, एका शब्दापायी कामावर लाथ मारलीस. मारली. काम दुसरं मिळालं, आता एका खानावळीत पोळ्या लाटते. शेजारची कॉलेजातली पोरगी संध्याकाळी मला इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे दोनच शब्द मागितले, नो आणि व्हाय. रोज सकाळी शिकवूनही मॅडमनी हे दोन मला कधी दिले नव्हते.

इंग्रजी मी सोडणार नाही. ती काही कुणाच्या बापाची नाही. शिकेन, चुकतमाकत बोलेन, पण बादली दाखवून कुणी टाळ्या वाजवणार असेल तर तोंड उघडणार नाही. आणि पानी मी पानीच म्हणेन.

सॉरी मला पाठ आहे. माझी चूक असेल त्या दिवशी म्हणेन. पालकांच्या दिवसाचं सॉरी माझं नाही. ते त्या लेकराला द्यायचं राहिलंय, आणि द्यायचंय त्या खोलीतल्या मोठ्यांनी.