बारशाचं दुपटं

आमच्या घरी एक बोकड होता आणि तो बोकडासारखा वागत नव्हता. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तिला लग्नात एक शेळी दिली होती. ही शेळी याला जन्म देऊन दोन दिवसांत गेली. वडिलांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून याला जगवलं आणि तेव्हापासून तो स्वतःला घरातला कर्ता पुरुष समजू लागला. बसायचा ओसरीवर, आल्या-गेल्याकडं बघायचा दाढी वर करून. बोकडाला वास असतो हे मी लोकांकडून ऐकून होते. आमच्या नाकांना तो कधी आला नाही.

दुसरीकडं आई. बारामतीत आमच्या मळ्याजवळच्या पाटावर ज्या बायका धुणं धुवायच्या, त्यांत तिचा हात कुणी धरत नव्हतं. तिनं धुतलेलं धोतर नेसलं की वडील चिखलात पाय टाकायला भ्यायचे, आणि शेती करायची असल्यानं त्यांची रोज पंचाईत व्हायची.

अशा बाईला तिच्याच माहेरी, शेळगावात, बायकांच्या भर पंगतीत मामी म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या लुगड्याला बोकडाचा वास येतोय." मामीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई ताटावरून उठली. त्यानंतर पाच वर्षं तिनं माहेरची वाट धरली नाही.

पाच वर्षांनी मामीला मुलगा झाला आणि मामा स्वतः बोलवायला आला. म्हणाला, "आक्का, आत्याबिगर बारसं व्हतंय व्हय? बाळाच्या कानात नाव कुणी सांगायचं?"

आई म्हणाली, "येते." मग आठ दिवस तिनं आमचा जीव खाल्ला.

तिनं आपल्या सगळ्यांत मऊ जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं. ते रिठ्याच्या फेसात तीनदा धुतलं, पाटाच्या वाहत्या पाण्यात खळबळलं आणि निरगुडीच्या झुडपावर वाळत घातलं. तिथं ती राखणीला बसली. कावळासुद्धा फिरकला नाही. यंदा मामीला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्या काळी आमच्याकडं इस्त्री नव्हती. कपड्याची नीट घडी करायची, वाकळेखाली सारायची आणि वर कुणीतरी झोपायचं. हे काम माझ्याकडं होतं. मी दुपटं ओसरीवर वडिलांच्या वाकळेखाली ठेवलं, कारण घरात सगळ्यांत जड तेच होते. पण पाण्याची पाळी आली म्हणून ते पहाटेच उठून उसाला पाणी द्यायला गेले. उजाडल्यावर मी बघते तर ऊबदार जागेवर बोकड झोपलेला. मी त्याला हुसकलं आणि दुपटं नाकाला लावलं. रिठ्याचा वास आला. घडी तर फारच सुरेख बसली होती. मी गप्प बसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुपटं गाठोड्यात बांधलं आणि दिवसभर उन्हात बैलगाडीनं जाऊन आम्ही शेळगावला पोचलो. बारसं दुसऱ्या दिवशी झालं. आईनं पाळण्यात वाकून नाव सांगितलं, मग गाठोडं सोडलं आणि दुपटं मामीच्या हातात ठेवलं.

जवळच्या बायकांचे पदर एकेक करून नाकाला गेले. मामीनं दुपटं दोन बोटांत धरलं. "धुऊन घेते," ती म्हणाली. "मग घालते बाळाखाली."

आईनं ते तिच्याकडून परत घेऊन हुंगलं. तिला कसलाच वास आला नाही. ती माझ्याकडं बघू लागली. मी जमिनीकडं बघितलं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "शेरडं परत आली का गं?"

ते आजोबा होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. जन्मभर त्यांनी शेळ्या राखल्या होत्या; ती शेरडं मामीनं त्याआधीच विकायला लावली होती, कारण वास.

"मी हाय आबा," आई म्हणाली.

"तू व्हय! काल पाया पडलीस तवा एवढा वास नव्हता. आज बरुबर काय हाय?"

आईनं दुपटं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. सगळ्या बायका बघत होत्या.

"डोळं गेल्यापासनं हितं बसतोय," ते म्हणाले, "पर कुनाच्या घरात बसलोय कळत नव्हतं. समदं धुतलेलं. आज कळलं बघ."

त्यांनी दुपटं मांडीवर पसरलं. मामी जरा ओशाळून पुढं झाली. "मामंजी, द्या हिकडं. धुऊन देते, मग घ्या."

माझ्या आईनं जन्मात कधी मळका कपडा दुसऱ्या दिवसावर टाकला नव्हता. तिनं मामीचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "एवढं धुऊ नगंस."