शेन मास्तरांची शवपेटी

शेन मास्तर पहिल्यांदा भेटले तेव्हा मला आधी त्यांची टोपी दिसली. बऱ्याच वेळाने टोपीखालचा अंबाडा दिसला, मग बाह्या आल्या, आणि हा सगळा लवाजमा आमच्या शिछी गावचा पूल उतरून खाली आल्यावर आत एक किडकिडीत माणूस असल्याचा शोध लागला. माझी दोन बदकं त्या बाह्यांत शिरली. ती परत मागितली, तर मास्तरांनी मला आधी वडीलधाऱ्यांपुढे कसं वाकायचं ते शिकवलं. मी वाकलेला असतानाच उरलेली बदकं कालव्यात पसार झाली.

पुढे राजधानी पडली, बादशहा गेले आणि उत्तरेकडून नवे राज्यकर्ते आले. त्यांचं फर्मान सोपं होतं. पुढचे केस भादरा आणि मागे वेणी सोडा, नाहीतर मान द्या. शेजारच्या गावात ज्यांनी केस राखले, त्यांची डोकी वेशीवर टांगली होती, केसांसकट. मी त्याच दिवशी डोकं भादरून घेतलं.

मास्तर मात्र अंबाडा बांधून घरात बसले. मी त्यांची समजूत घालायला गेलो.

"अहो, बादशहाने तुम्हाला कधी साधा कारकून तरी केला होता का?" त्यांच्या बायको, आमच्या काकू, रडत म्हणाल्या. "त्याच्यासाठी कसले मरताय?"

"बादशहासाठी कोण मरतंय?" मास्तरांचा आवाज चिरकला. "राज्य देवाने दिलेलं असतं, तो काढून घेतो, दुसऱ्याला देतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण केस देवाने दिलेले नाहीत. ते आईवडिलांचे आहेत. वर गेल्यावर त्यांना अर्धवट डोकं दाखवू?"

"आणि डोकंच नसलं तर काय दाखवाल?" मी विचारलं.

"तू बदकं राख, याओ."

इतक्यात गल्लीत घोड्यांच्या टापा वाजल्या. शिपाई घरोघर शिरत होते, आणि त्यांच्याबरोबर न्हावी होता. ओसरीवर मास्तरांची शवपेटी होती. रिवाजाप्रमाणे साठीला जावयाने आधीच करून दिलेली, उत्तम देवदाराची. मेलेल्याची हजामत कोण करणार? आम्ही मास्तरांना आत निजवलं आणि श्वासापुरती फट ठेवून झाकण लावलं. काकूंनी रडं सुरू केलं. त्यासाठी त्यांना वेगळे कष्ट पडले नाहीत.

शिपाई आले. त्यांच्या हवालदाराने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या ताज्या टकलावरून घाम गळ्यापर्यंत आला.

"कधी गेला?"

"सकाळीच, सरकार."

तो वळणार, तेवढ्यात रडं ऐकून लियाओ धावत आला. मास्तरांचा सर्वांत जुना विद्यार्थी. सरकारी परीक्षेत नापास होता होता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याला आमची युक्ती ठाऊक नव्हती. त्याने पेटीवर अंग टाकलं, पाय आपटले आणि हंबरडा फोडला, "बाबा! माझे बाबा!"

पेटीतून आवाज आला, "मूर्खा! गुरूला बाप म्हणून रडायचं नाही! पाय मुलाने आपटायचे! शिष्याने शोक मनात करायचा, किती वेळा सांगितलं?"

काकूंचं रडं गप्पकन थांबलं. लियाओ जमिनीवर बसला आणि उठलाच नाही. हवालदाराने तलवार उपसून टोकाने झाकण सरकवलं. मास्तर आत डोळे घट्ट मिटून पडले होते, आता तरी मेल्यासारखं दिसावं म्हणून.

"केस की मान?" हवालदाराने विचारलं.

मास्तर उठून बसले. त्यांचे दात वाजत होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंडात पदर कोंबला होता. मग मास्तरांनी स्वतःच्या हाताने अंबाड्याची काडी ओढली.

"खाली फडकं अंथरा," ते म्हणाले. "एकही केस पडायला नको."

न्हाव्याचा वस्तरा कपाळावर टेकला आणि हलायला लागला.

"हात का थरथरतोय रे?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

"मास्तर, कालपर्यंत मी पण अंबाडा बांधत होतो."

ते फडकं मास्तरांनी गाठ मारून पेटीत ठेवलं. मरताना बरोबर न्यायचं, म्हणजे आईवडिलांना हिशेब पुरा मिळेल. त्यानंतर ते वेणी घालून मुलांना शिकवत राहिले. घोड्याची टाप ऐकली की मात्र दचकून पेटीकडे बघायचे.

बऱ्याच वर्षांनी मास्तर तापाने गेले. आम्ही पेटी उघडली. फडकं फाटलं होतं आणि उंदरांनी त्या केसांचं घरटं केलं होतं.