शेवटचं कडवं

रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळातल्या उपासनेत गीत संपलं, मी पेटीचा भाता मिटला, तरी मागच्या बाकावरच्या सगुणाबाई गातच होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. डोळे मिटलेले, सूर भलतीकडे. पाळकही पवित्र शास्त्र उघडून थांबून राहिले. एरवी मी हात वर केला की शेजारची बाई त्यांना गप्प करते. त्या दिवशी हात उचललाच नाही. का, ते अजून कळत नाही.

बाहेर चपला घालताना त्या म्हणाल्या, "मास्तर, पेटी लवकर थांबली. थकलात काय?"

"नाही बाई, तुम्हीच मागं राहिलात."

"मग थांबायचं की जरा. देवाला कुठं घाई असते?"

मंडळी मला भक्तिमान म्हणतात. खरं सांगायचं तर जन्मभर मी देवळात फक्त सूर ऐकत आलो. कोण चुकतंय, कोण रेंगाळतंय. तीही सेवाच होती का? असेल. नसेलही.

घरी येऊन तेच गीत वाजवलं. बोटं बिनचूक चालली. सोबत गायला लागलो, तर शेवटच्या कडव्याचे शब्दच मला येत नव्हते.