पालीला टॅग, मिक्सरला नाही

आमच्या साइटवर पालीला स्वतंत्र टॅग मिळाला, आणि तोही हातातला चहा संपायच्या आत. मिक्सरला मात्र नाही म्हणजे नाहीच.

ही दोन हजार सालानंतरची, घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली नेट आलं त्या वेळची गोष्ट. उद्यमनगरात ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळायचं दुकान होतं. शिरोळ, राधानगरीकडून दिवसभर फोन यायचे, "मोटर पाणी उचलंना, काय करू?" तेच तेच सांगून ह्यांचा घसा बसायचा. म्हणून ह्यांनी आणि ह्यांच्या काकांनी मराठीत एक साइट काढली. कुणीही प्रश्न विचारावा, जाणकारांनी उत्तर द्यावं. प्रश्नाला एक टॅग लावायचा, मोटर, स्टार्टर, केबल असा. म्हणजे ज्याला त्यातलं कळतं त्याच्यापुढं तो प्रश्न जातो.

जाणकार हे दोघेच. मराठी टायपिंग दोघांनाही येत नव्हतं, ते माझ्याकडं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, आणि चांगल्या मार्कांनी. पण इथं काका उत्तर सांगणार, मी लिहिणार आणि खाली नाव काकांचं. मला ह्याचा मनापासून राग यायचा. एखाद्या तरी उत्तराखाली माझं नाव यावं एवढंच मला हवं होतं, आणि ते मी ह्यांना बोलूनही दाखवलं होतं. हे म्हणाले, "बघू की." आमच्या घरी "बघू की" म्हणजे विषय संपला.

नवा टॅग करायचा की नाही, हे ठरवायचा मान काकांचा. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना ठरवायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांचा नियम एकच, यंत्र वेगळं असेल तरच टॅग वेगळा. "न्हायतर उद्या नटबोल्ट बी टॅग मागाय येतील," असं ते म्हणायचे. तरी स्टार्टरच्या पेटीत पाल अडकून मोटर बंद पडल्याचे प्रश्न पावसाळ्यात आले, तेव्हा काकांनी लगेच "पाल" असा टॅग मंजूर केला. पाल हे कुठलं यंत्र, असं मी विचारलं. कुणी ऐकलंच नाही, कारण हे आणि काका आपापल्या पालींच्या आठवणी सांगण्यात रंगले होते.

मग शिरोळहून एका बाईंचा प्रश्न आला. त्या घरी चटणी करून विकायच्या. लसूण-खोबरं वाटताना मिक्सर थांबतो, वास येतो, ऑर्डरी तुंबल्यात, काय करू? मिक्सरचा टॅग नव्हता, म्हणून बिचारीनं "मोटर" लावला होता. काका फक्त टॅग आणि पहिली ओळ ऐकायचे. त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली, "लिवा, पावणं, बोर किती फूट हाय?"

मी म्हटलं, "काका, हा मिक्सर आहे."

"मोटर मोटरच असती की! लिवा."

मी लिहिलं. शिरोळहून उत्तर आलं, "बोर न्हाय, भांडं हाय. दीड लिटरचं. आन मी पावणं न्हाई, बाई हाय."

दुकानातले कारागीर पोट धरून हसले. काका हसले नाहीत. बाईंना पुढं काहीच उत्तर गेलं नाही. मी "मिक्सर" टॅग करा म्हणून मागं लागले. नुसतं यंत्र बघून टॅग ठरवायचा नसतो, प्रश्न भलत्याच माणसापुढं जायला लागले की नवा टॅग हवा, असं माझं म्हणणं होतं. काका म्हणाले, "सूनबाई, स्वैपाकघर म्हंजे काय टेक्निकल न्हवं."

हे वाक्य त्यांना महागात पडणार होतं. महिनाभरात काकूंचाच मिक्सर बंद पडला. त्यांनी मला फोन केला. उपाय मला फोनवरच कळला होता, पण मी म्हटलं, "काकू, आपल्या साइटवर विचारूया की." काकू अशा हसल्या की त्यांच्या मनात काय आलंय ते मला इकडं समजलं.

प्रश्न काकूंचा, नाव त्यांच्या माहेरचं, टॅग नाइलाजानं "मोटर". दुसऱ्या दिवशी दुकानात तो मी काकांना वाचून दाखवला. "मोटर चालता चालता बंद पडते, जळका वास येतो." पुढच्या ओळीतला "खोबरं" हा शब्द तर मी मुद्दाम मोठ्यानं वाचला.

"खोबरं ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "पाणी खाली गेलंय, मोटर कोरडी चाललीया. लिवा, पावणं, बोर किती फूट हाय? दोन दिवस मोटर अजिबात चालवू नका, पाणी वर येऊ द्या."

मी मान खाली घालून जसंच्या तसं लिहिलं. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रविवारी आम्ही काकांकडं जेवायला होतो. काका ताटावर बसले, बाही सारली, आणि काकूंनी वाटीत अळणी वाढलं. हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचं ते साधं पाणी, जे आपल्याकडं लहान पोरांना आणि आजाऱ्यांना देतात. काकांनी वाट बघितली. पुढं काहीच आलं नाही.

"तांबडा रस्सा कुठाय?"

"वाटण कशात करू? मोटर बंद हाय. दोन दिवस चालवायची न्हाय म्हणून सांगितलंय, आन माझा खांदा काय पाट्यावर चालत न्हाय."

"कुठल्या येड्यानं सांगितलं?"

"तुमच्या साइटवरल्या जाणकारानं," काकू शांतपणे भाकरी वाढत म्हणाल्या. "बोर किती फूट हाय म्हणून बी इचारलंय. तेवढं तुम्ही सांगा, मला काय ठावं न्हाय."

काकांनी आधी काकूंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी लिंबाची फोड पिळण्यात गुंतले होते. ह्यांना ठसका लागला. काका बराच वेळ अळणीतली हळद निरखत राहिले.

"करा तो टॅग," शेवटी ते म्हणाले. आणि लगेच ताठ झाले. "पर उत्तर देणार कोण? मला मिक्सरातलं कळत न्हाय. ह्याला बी कळत न्हाय. उत्तर द्यायला माणूस नसंल, तर टॅग करून उपेग काय?"

हे त्यांचं बरोबर होतं. इतक्या वर्षांत काका टॅगबद्दल बोललेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य. आमचे हे मात्र खाली बघून भाकरी मोडत होते.

"मी देणार," मी म्हटलं. "माझ्या नावानं."

थट्टेत इतके दिवस काढले होते, पण आता रडू येतंय की काय असं झालं. मग काकू म्हणाल्या, "मग आधी माझ्या मोटरचं दे."

मी उठले, मिक्सर उलटा केला, जास्त ताण आला की आपोआप सुटणारं बुडाचं लाल बटण दाबलं. जाम झालेलं भांडं बाजूला ठेवून दुसरं लावलं आणि मिक्सर सुरू केला. काका ताट तसंच ठेवून रश्शाची वाट बघत बसले.

सोमवारी शिरोळच्या बाईंचा जुना प्रश्न मी नव्या टॅगखाली आणला आणि उत्तर लिहिलं. थोडं थोडं वाटा, मधे मोटर गार होऊ द्या, बंद पडली तर लाल बटण दाबा, भांड्याचं पातं हातानं फिरतंय का बघा. खाली माझं नाव. ते पान मी दिवसभरात कितीदा उघडलं, सांगायला लाज वाटते.

आठवडाभर तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, उशीर झाला, बाई कंटाळून गेल्या. मग एका दुपारी त्याच टॅगखाली त्यांचा नवा प्रश्न आला. चटणीचा व्याप वाढलाय, मोठं यंत्र घ्यायचंय, किती वॉटचं घेऊ? पहिल्या ओळीत माझं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, "ताई, हे फक्त तुम्हीच सांगा."

काका नेहमीसारखे खुर्ची ओढून शेजारी बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "लिवा."

मी म्हटलं, "काका, जरा थांबा. हा प्रश्न मला आलाय."