तिला छडी का नाही

मुलांना मारू नका असं मी पत्रकांत लिहिते, देवासच्या मातांच्या सभेत उभी राहून सांगते, तेव्हा बायकांना वाटतं ही पोरगी लहानपणी फार मार खाल्लेली असणार. खाल्लाच होता. पण मला राग माराचा नव्हता. मारातून जी सुटली होती, तिचा होता.

बाबा धारला मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या पणजोबांनी दरबारात कारकुनी केली होती, आणि बाबांनी ख्रिस्त पत्करल्यावर सगळ्या भाऊबंदांनी आमच्या घरचं पाणी बंद केलं. त्यामुळे 'आपलं माणूस' या शब्दावर बाबांचा फार जीव. आपलं असेल त्याला शिस्त लावायची. रविवारी उपासनेहून आलं की चटईवर बसून आठवड्यातल्या चुका कबूल करायच्या. चुकीप्रमाणे तळहातावर वेताची छडी. मग बाबा स्वतः त्या हाताला खोबरेल लावत, हात दोन्ही हातांत धरत आणि माझं नाव घेऊन प्रभूकडे प्रार्थना करत. मला वाटे, एवढं सगळं करण्यापेक्षा आधी मारूच नका की.

दुष्काळाच्या साली बाबा कन्नौदच्या बाजूला अन्न वाटायला गेले आणि येताना माझ्याच वयाची, नऊ वर्षांची, एक मुलगी घेऊन आले. तिचं मागे कोणी उरलं नव्हतं. आईने तिला माझा परकर दिला. तो तिला शोभला, हेही मला आवडलं नाही.

आम्ही दोघींनी मिळून शेजारच्या वाडीतले पेरू चोरले. रविवारी दोघींनी कबूल केलं. मला चार छड्या.

"आणि हिला?" मी विचारलं.

"तिला असू दे," बाबा म्हणाले. "बेटा, पुन्हा नको हं करूस." आणि तिच्या हातावर बत्तासा ठेवला.

परक्याच्या लेकरावर हात टाकू नये, हा आमच्या जुन्या घराचा शिरस्ता. धर्म बदलला, तो बदलला नव्हता. आईने मला हे समजावलं. मी समजून घेतलं नाही. बत्तासा तिचा, दूध तिचं, मऊ बोलणं तिचं. मी तिला पाहुणी म्हणू लागले. "पाहुणीबाई, उठा, पाट मांडलाय." ती मुकाट्याने उठायची. ती रडत नाही याचाही मला संताप येई.

मग मी एकदा बाबांच्या गीतांच्या वहीची दोन पानं फाडून बाहुलीचा पंखा केला. त्या रविवारी माझी पाळी यायच्या आत ती पुढे सरकली. "पाना म्हने फाड्या," पानं मीच फाडली असं तिच्या माळवी बोलीत म्हणाली, आणि हात पुढे केला.

बाबा म्हणाले, "असू दे, बेटा."

तिने हात खाली घेतला नाही.

"खोटं बोलतेय ही. मी फाडली," मी ओरडले. हे खरं बोलण्यासाठी नव्हतं. माझा मारसुद्धा तिला मिळू नये म्हणून होतं. एवढी मी जळत होते.

बाबा गोंधळले. "मग तू का हात पुढे केलास, बाळ?"

ती खाली बघत म्हणाली, "जीजी को हाथ पकडी ने दुवा करो हो. म्हारो हाथ कदी नी पकड्यो."

जीजी म्हणजे मी; माझा हात धरून बाबा प्रार्थना करत, तिचा कधी धरला नव्हता. दारात उभ्या आईने हातातलं सूप खाली ठेवलं. बाबांनी छडी बाजूला ठेवली. ती वर्षभर आमच्या घरात होती आणि या मुलीला आपण आपलं धरलंच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मलाही कळलं, पण त्याने माझी जळजळ कमी झाली नाही. मी ज्या हाताचा मार खाऊन वैतागले होते, त्याच हातासाठी ही मार मागत होती. आम्हा दोघींना एकच शिकवण मिळाली होती: बापाचा हात छडीतूनच मिळतो. प्रेमळ बापाने दिलेली शिकवण होती ती. म्हणून मला त्या शिकवणीची जास्त चीड येते, आणि म्हणून मी पत्रकं लिहिते. प्रभूने लेकरांना जवळ घेतलं तेव्हा आधी कुणाची कबुली घेतली नव्हती.

बाबांनी तिचा हात धरला. तेल नाही, छडी नाही. तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. बराच वेळ केली.

मी तिथेच हात पुढे करून उभी. पानं मी फाडली होती. बाबांनी छडीकडे पाहिलं.

"छडी नको," मी म्हणाले. "तिच्यासारखंच करा."

त्यांनी माझाही हात धरला आणि प्रार्थना केली. माझी तिच्यापेक्षा आखूड झाली. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं, आणि ते हसले, पण पुन्हा केली नाही.