शिसं वितळवायची कढई

मेण वितळल्याचा वास आला की सुरतचं आमचं मागचं अंगण आठवतं. तिथे तुमचे आजोबा वितळलेल्या शिशात मेण टाकून ते साफ करत आणि बंदुकीच्या गोळ्या ओतत. एका वर्षी त्यांना रायफलसाठी मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, दोन प्रकारच्या काडतुसांतून एक निवडायचं होतं. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांना कोणतं मानवेल, हा प्रश्न होता. "शिशाला फार वेग सोसणार नाही, संथ काडतूस घ्या," असं मी सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "तू चहा टाक." भाऊबीजेला चलथाणहून नणंद आली. तीही म्हणाली, "दादा, संथ काडतूस घे. शिसं वेगात टिकत नाही." "बघ, हिला कळतं," असं मलाच ऐकवून त्यांनी तेच काडतूस ठरवलं. मी शिसं वितळवायची कढई उचलून आत नेली आणि म्हटलं, "अहो, आता गोळ्या बहिणीच्या कढईत ओता." आता ते नाहीत. नणंदेने दादाची आठवण म्हणून ती कढई दोनदा मागितली. मी अजून दिलेली नाही.