शिट्टीकाकूंची बॅटरी

शिट्टीकाकू हे नाव आम्ही कौतुकानं ठेवलं होतं, असं आता इमारतीत सगळे सांगतात. साफ खोटं आहे. मी या इमारतीचा सेक्रेटरी, आणि ते नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं, जिन्यात, त्यांच्या पाठीमागे.

काकूंच्या गळ्यात काळ्या दोरीला एक पितळी शिट्टी असायची. दळण आणताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही. त्यांचे वडील जंगलात रखवालदार होते. रस्त्यापासून चार तास आत त्यांची चौकी, आणि काकूंचं लहानपण त्या चौकीतलं. बाहुलीच्या आधी वडिलांनी पोरीच्या गळ्यात शिट्टी बांधली. एकदा वाजवली म्हणजे मी इथं आहे. तीनदा वाजवली म्हणजे धावत या. आणि हरवलीस तर वणवण करायची नाही, एका झाडाखाली बसून राहायचं. सहाव्या वर्षी काकू खरंच हरवल्या. दीड दिवस एका झाडाखाली बसून तीन-तीन शिट्ट्या वाजवत राहिल्या आणि वडील आले. ही गोष्ट त्या आम्हाला इतक्यांदा सांगायच्या की माझी बायको आधीच पुढची वाक्यं पुटपुटायची. पण काकूंचा त्यावर भारी विश्वास होता. तीन शिट्ट्या ऐकल्या की माणूस येतोच, म्हणायच्या.

पुढं त्या दगडी फरश्यांच्या एका कारखान्यात प्रथमोपचार खोली सांभाळत होत्या. काका त्याच कारखान्यात फरश्या घासायला होते. बोट चिरलं म्हणून ते एकदा त्या खोलीत गेले आणि नंतर बोटं जरा जास्तच चिरून घ्यायला लागले, हा काकांचा आवडता विनोद. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दगडाची धूळ खाल्ली. निवृत्त झाले तेव्हा हातात शाल होती आणि छातीत धूळ. दिवसातून चार वेळा तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ देणारं यंत्र चालवायचं, पंधरा मिनिटं. खिशातला फवारा होता, पण दम वाढला की तो पुरायचा नाही. वीज गेली आणि यंत्र थांबलं तर काय, या एका प्रश्नावर काकूंनी सगळा संसार रचला होता.

म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात पलंगाखाली ट्रकची मोठी बॅटरी आणि तिला जोडलेला इन्व्हर्टर. त्यांच्या हिशेबानं यंत्राला सहा दिवस पुरेल एवढी. बाहेर जिन्याच्या वळणावर पाण्याची तीन पिंपं, कोळशाची गोणी, धुऊन वाळवलेली वाळू. आत मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, खजूर, बिस्किटं, दोरखंड. एका फळीवर घरगुती औषधांच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: लवंग, सुंठ, ओवा, मध, हळद. इमारतीत कुणाचा दात ठणकला, कुणाचं पोट बिघडलं की पहिली धाव तिकडंच. मीठ-साखरेचं पाणी त्या डोळे मिटून अचूक करायच्या. पण काकांच्या बाबतीत ठाम होत्या. "काढा खोकल्याला. दम लागला की यंत्र. तिथं सुंठबिंठ काही चालत नाही."

आम्ही औषधं घ्यायचो आणि पिंपांवरून नाक मुरडायचो. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांच्या पाहुण्यांना म्हणे ती पिंपं दिसायची. वर्षातून दोनदा काकू शिट्टी वाजवून सगळ्यांना गच्चीवर यायचा सराव करायला लावायच्या. तीनचार म्हाताऱ्या आणि सुट्टीवरची पोरं जायची. आम्ही दाराआडून हसायचो. शेवटी मी सगळ्यांच्या सह्या घेऊन लेखी नोटीस दिली, जिन्यातलं सामान पंधरा दिवसांत हलवा. काकूंनी नोटीस घडी करून शिट्टीच्या दोरीत अडकवली आणि म्हणाल्या, "हलवते हो. पाणी येऊन गेलं की हलवते."

पंधरा दिवस भरायच्या आत पाणी आलं. वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडले, दुपारपर्यंत तळमजला बुडाला, संध्याकाळी वकिलांचा उंबरा. वीज गेली, नळ गेले. ज्यांची नोटिशीवर सही होती ते आम्ही सगळे भांडी घेऊन दुसऱ्या मजल्यावर उभे. आमची पाचावर धारण बसली होती. काकू एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान आम्ही रागावून निघून गेलो असतो.

त्यांनी कामं वाटली. गच्चीवर मडक्यांत वाळू आणि कोळशाचे थर घालून, कापडातून पाणी गाळून, चुलीवर उकळायचं. पाणी तयार झालं की एक शिट्टी, मग प्रत्येकानं भांडं घेऊन यायचं. दिवसभर त्या गच्चीवर, बारा बिऱ्हाडांच्या पाण्यामागं. आणि खाली त्यांचं दार सताड उघडं.

बॅटरीचं पहिलं मागणं रास्त होतं. वकिलांची सून दिवस भरलेली, माहेरी. तिचा फोन लागायला हवा. काकूंनी स्वतः फोन जोडून दिला. मग भिंतीवर कागद लावला: एका घरचा एकच फोन, एकदाच, वीस मिनिटं. कागद छान होता. अक्षरही छान होतं.

पण काकू गच्चीवर आणि दारात काका. काकांना नाही म्हणता येत नसे. "अहो, पाचच मिनिटं," म्हणत माणसं यायची आणि काका मास्क बाजूला करून म्हणायचे, "लावा की." एकाचा फोन, दुसऱ्याचा फोन, एकाच्या लेकीचा लॅपटॉप, कारण तिला म्हणे परीक्षेचं वाचायचं होतं. दोन घरांनी दोन-दोन फोन आणले आणि दुसरा पदराखाली झाकला. इन्व्हर्टर बंद करायचं कुणाच्या डोक्यात नाही, तो दिवसभर गुरगुरत होता. आणि त्या फोनांवरून काय चाललं होतं? पाण्याचे फोटो. खिडकीतून काढलेले, एकसारखे एक, गावोगावच्या नातेवाइकांना.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वृत्तवाहिनीचा मला फोन आला. त्यांना अडकलेल्या इमारतीतून थेट बोलणारं कुणीतरी हवं होतं. माझी कळी खुलली. आयुष्यात कुणी कधी माझं मत विचारलं नव्हतं, इमारतीतही नाही. फोन मरायला टेकला होता, म्हणून मी काकांकडं गेलो, वायर लावली आणि त्यांच्याच खोलीत, पलंगाकडं पाठ करून, दाढीवरून हात फिरवून व्हिडिओवर बोलायला लागलो. चाळीस मिनिटं. आमच्या इमारतीत कशी एकी आहे. आम्ही आधीपासून कशी तयारी ठेवली होती. पिंपांचं नियोजन कमिटीनं कसं केलं होतं.

मध्येच फोनच्या पडद्यावर माझ्या खांद्यामागं पलंगाखाली लाल ठिपका पेटला. इन्व्हर्टरचा दिवा, सकाळपर्यंत हिरवा होता. मला दिसला. हे मी लिहितो आहे कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: मला तो दिसला, त्याचा अर्थ मला कळला, आणि मी बोलत राहिलो. काकांकडं वळून पाहिलं तर ते हातानं खूण करून म्हणाले, "असू द्या. बोला तुम्ही." मी ते शब्द उचलून खिशात टाकले. नंतर कुणी विचारलंच तर असावेत म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास शिट्टी वाजली. एकदा. मग पुन्हा, मग पुन्हा. तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. दुसऱ्या मजल्यावरून. इमारतीतल्या प्रत्येकानं ती ऐकली. आणि प्रत्येकजण भांडं घेऊन निघाला. तीन दिवस शिट्टी म्हणजे पाणी हेच आम्हाला ठाऊक. एक काय आणि तीन काय, मोजतो कोण? मोजायची सवय व्हावी म्हणून केलेल्या सरावाला आम्ही दाराआडून हसलो होतो. काही जण तर आधी गच्चीवर जाऊन रांग लावून आले. माझी बायको म्हणाली, "आज लवकर उकळलं वाटतं," आणि मी कळशी विसळून घेतली. विसळून.

दारात पोचलो तेव्हा काका खुर्चीत पुढं वाकून बसले होते, मास्क तोंडाला, यंत्र गप्प. ओठांचा रंग उतरला होता. काकू एका हातानं त्यांची पाठ धरून, दुसऱ्या हातानं फवारा देत होत्या आणि शिट्टी दातांत होती. त्यांनी वर पाहिलं. दारात आम्ही आठ माणसं, आठ जणांच्या हातांत भांडी.

"बॅटरी," त्या म्हणाल्या. "कुणाकडं काही आहे? गाडीची, कसलीही?"

गाड्या सगळ्या पाण्याखाली होत्या. फोन मात्र सगळ्यांचे भरलेले होते. आम्ही ते काढले आणि मदतीला फोन लावत सुटलो. बोट निघाली आहे, असं सगळीकडून सांगत होते. वकिलांनी सुंठ उगाळायची का विचारलं. काकू फवारा देत राहिल्या. साडेबाराला काका गेले. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

पाणी ओसरल्यावर बायकोनं मला ती मुलाखत दाखवली. वाहिनीनं तिचा तुकडा टाकला होता, नातेवाइकांत फिरत होता, सगळे शाबासकी देत होते. तुकड्यात माझ्या मागं काका दिसतात. मास्क लावून माझ्याकडं कौतुकानं पाहताना. महिन्याभरानं काकूंनी तो मागितला. "त्यांचं तेवढंच हलतं चित्र आहे," म्हणाल्या. मला पाठवावा लागला. त्यांनी दारात उभ्या उभ्या दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा बोट ठेवून मध्येच थांबवला आणि माझ्यापुढं धरला. पलंगाखाली लाल ठिपका.

"हे किती वाजता?"

"अकराच्या सुमारास," मी म्हणालो.

"आदल्या दिवशी?"

"हो."

लाल दिवा त्यांना त्या रात्री गच्चीवरून उतरल्यावरच दिसला होता. त्या मनातल्या मनात काहीतरी जुळवत होत्या. "म्हणजे तेव्हा वायर काढली असती तर अजून चारपाच वेळा चाललं असतं," त्या म्हणाल्या. रागावून नाही, तोंडी हिशेब सांगावा तसं. खिशातले काकांचे शब्द मी बाहेर काढायला गेलो तोवर दार लागलं होतं.

आता इमारतीत प्रत्येक घरची पिंपं आहेत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर. त्यातून वाट काढत चालावं लागतं आणि कुणी नाक मुरडत नाही. प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी आहे, प्लास्टिकची. मागच्या महिन्यात कमिटीनं ठरवलं की काकूंनी सगळ्यांना संकटकाळच्या तयारीवर मार्गदर्शन करावं. बोलवायला मीच गेलो. वाटलं, हाकलून देतील. त्या लगेच हो म्हणाल्या.

खाली वाहनतळात खुर्च्या मांडल्या. पन्नासेक माणसं, वह्या-पेन घेऊन. काकू उभ्या राहिल्या. गळ्यात ना दोरी, ना शिट्टी.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पहिली वस्तू. दाराला आतून कडी."

सगळ्यांनी खाली मान घालून लिहिलं. पानं उलटण्याचा आवाज झाला. वकिलांनी हात वर करून विचारलं, "आणि दुसरी?"

"दुसरी लागत नाही," काकू म्हणाल्या आणि पिंपांमधून वाट काढत जिना चढून गेल्या. वर त्यांचं दार लागल्याचं खाली ऐकू आलं, मग कडी.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सेक्रेटरी या नात्यानं सभेचा वृत्तांत मला लिहायचा असतो. मी लिहिलं: काकूंनी मोलाचं मार्गदर्शन केलं, सभेनं त्यांचे आभार मानले. सही केली, शिक्का मारला आणि कागद जिन्यात, पिंपाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लावला.